रिकामी पातेली परत देऊ नये

मी एक पातेली बोलतेय. स्टीलची, झाकणाची, दोन कानांची. कान आहेत म्हणून ऐकू येतं, आणि तोंड मोठं आहे म्हणून आज सांगायला बसलेय.

ज्या घरात मी राहते तिथे एक नियम आहे. शेजारचं भांडं आलं, तर ते रिकामं परत द्यायचं नाही. चिमूटभर का होईना, काहीतरी घालूनच द्यायचं. आपलं भांडं कुणाकडे गेलं, तर तेही भरूनच परत येणार हे धरून चालायचं. का, ते विचारायचं नाही. घरातल्या भाचीनं सहा वर्षांची असताना, सुट्टीला आली होती तेव्हा, एकदा विचारलं होतं. "मोठ्यांनी सांगितलं ना? मग झालं," असं उत्तर तिला मिळालं. मला तेवढंही मिळालं नाही. मला विचारायची सोयच नव्हती.

माझा जन्म एका पत्र्याच्या छपराखाली झाला. मोठ्या पत्र्यातून गोल चकती कापली, साच्यावर ठेवली, वरून यंत्राचा दणका बसला आणि चकतीची पातेली झाली. इतकं झटपट बाळंतपण माणसांत होत नसावं. पॉलिशच्या चाकावर एक बाई बसायची. तिनं मला फिरवून बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "हिच्या तळाला बाक आहे. सरळ बसायची नाही ही जन्मात." मग मला दुसऱ्या ढिगात टाकलं. दुकानात त्या ढिगाला 'सेकंडचा माल' म्हणतात. मला फारसं वाईट वाटलं नाही. पहिला कोण आणि दुसरा कोण हे ठरवण्यात माणसं हयात घालवतात, पण पोटात आग पडली की हाताला लागेल त्या भांड्यातून जेवतात.

त्या ढिगातून मला या भाचीच्या आत्यानं उचललं. ती तेव्हा नुकतीच इस्पितळात नर्स म्हणून लागली होती. दुकानदारानं सुईच्या यंत्रानं माझ्या पोटावर 'सात' असा आकडा कोरला. सात हा तिच्या खोलीचा नंबर. गुदगुल्या झाल्या असं म्हणण्याची पद्धत आहे, पण खरं सांगते, दुखलं. एक मात्र झालं, मी कुठेही गेले तरी घरी परत येणार हे ठरून गेलं.

इमारत चार मजल्यांची. प्रत्येक मजल्यावर चार दारं, मधून जिना. सात नंबर दुसऱ्या मजल्यावर, आणि त्याच्या बरोब्बर समोर आठ नंबर. सगळी इमारत आत्याला 'सिस्टर' म्हणते. कुणाला ताप आला, कुणाचं पोर पडलं, की आधी सिस्टर. तिनं कुणाला कधी नाही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे सांगणार आहे त्यावरून तुम्ही तिला वाईट ठरवाल. ती वाईट नाही. ती फक्त कधीच चुकत नाही, आणि अशा माणसाबरोबर राहणं फार अवघड असतं.

पहिल्याच दिवशी मी शेगडीवर डुलले आणि अर्धं दूध सांडलं. आत्या म्हणाली, "ही देण्याघेण्यापुरती ठेवू." तेव्हापासून माझा धंदा ठरला. कोणत्या घरातलं कोणतं भांडं शेजारी जातं ते नीट बघा. चांगलं कधीच जात नाही. हरवलं तरी जीव हळहळणार नाही असंच जातं.

मी अशी इमारतभर फिरले. भांड्याला भांडं लागायचंच, असं माणसं म्हणतात. आम्ही भांडी इतक्यांदा एकमेकांना लागलो, पण आवाज माणसांचाच जास्त ऐकला. पहिल्या मजल्यावर नाना राहतात. निवृत्त मास्तर. त्यांच्याकडून मी परत आले की आत शेंगदाणे असायचे, आणि ते इतके थोडे असायचे की चालताना वाजायचे. तळमजल्यावरचे दुकानदारकाका मुदत संपत आलेली बिस्किटं घालायचे आणि वर म्हणायचे, "सिस्टरना सांगा, ताजी आहेत." तिसऱ्या मजल्यावरची टायपिस्टबाई मूठभर साखर द्यायची आणि साखरेपेक्षा जास्त सासूच्या तक्रारी द्यायची. आत्या झाकण उघडून बघायची, मान हलवायची आणि म्हणायची, "माणसं नीट आहेत." माणसं नीट आहेत की नाहीत, हे तिला माझ्या पोटात बघून कळायचं. निदान तिला तसं वाटायचं.

समोरच्या आठ नंबरात रंगारी राहायला आला तेव्हा त्याची बायको शिवणकाम करायची. दोन मुली. रंगाऱ्यानं आल्या आल्या जिन्याचा कठडा उरलेल्या रंगात फुकट रंगवून दिला. पहिला मजला निळा, दुसरा अर्धा निळा अर्धा हिरवा, कारण निळा संपला. शिवणवालीच्या घरी मी गेले की हसत परत यायचे. एकदा लिंबं, एकदा ओल्या शेंगा. एकदा आत्यानं झाकण काढलं तर वाटाण्यांच्या ढिगावर एक लाल बटण. धाकटीनं ते आपल्यातर्फे घातलं होतं. आत्यानं ते अजून जपून ठेवलंय.

मग रंगारी परांचीवरून पडला. खुबा मोडला. काम देणाऱ्यानं दोन दिवस विचारपूस केली, तिसऱ्या दिवशी दुसरा रंगारी लावला. औषधपाण्यात शिवणमशीन गेलं. मशीन खाली नेताना जिन्यात तीन वेळा टेकवलं आणि तिन्ही वेळा सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. पाहायला सगळे होते. अशा वेळी काय बोलायचं असतं ते माणसांना ठाऊक नसतं, म्हणून ती "फार जड असतं हो मशीन" असं काहीतरी म्हणतात.

आत्यानं त्याच संध्याकाळी बटाट्याचा रस्सा केला, मला काठोकाठ भरलं आणि समोर नेऊन दिलं.

आता मी जे बघितलं ते आत्यानं बघितलं नाही. ते दाराबाहेरून दिसत नव्हतं. शिवणवालीनं रस्सा चार ताटल्यांत वाढला. एक नवऱ्याची, दोन मुलींच्या. चौथी तिची स्वतःची, पण ती तिनं झाकून ठेवली, सकाळी मुलींसाठी. मग मला घासलं. इतकं स्वच्छ मला कुणी घासलं नव्हतं. पुसलं. आणि मांडीवर घेऊन बसली, माझ्यात बघत.

मग उठून तिनं फळीवरचे डबे एकेक उघडले. डबे म्हणजे माझेच भाऊबंद, त्यांचा आवाज मला कळतो. भरलेला डबा ठक वाजतो, रिकामा ठण्ण. त्या फळीवर सगळं ठण्ण होतं. साखरेच्या डब्याच्या तळाला एक थर चिकटला होता. तिनं तो चमच्यानं खरवडला आणि माझ्यात घातला.

रंगारी पलंगावरून म्हणाला, "उद्या चहात काय घालशील?"

"पाणी," ती म्हणाली.

इकडे आत्यानं झाकण उघडलं. तिचा चेहरा उजळला. "बघ," ती भाचीला म्हणाली, "साखर आलीये. हात थोडा आखडला असेल, पण चाललंय त्यांचं. ज्या घरात साखर आहे तिथं काळजीचं कारण नाही."

भाचीबद्दल सांगायचं राहिलं. ती आत्याच्या भावाची मुलगी, कॉलेजसाठी इथे राहते. शिकते वनस्पतिशास्त्र, पण इमारत तिला 'वकिलीणबाई' म्हणते, कारण कुणी "असंच असतं" म्हटलं की ती "का असतं?" विचारते. त्या दिवशी मात्र तिनं काही विचारलं नाही. तिची परीक्षा होती. ही गोष्ट तिला पुढे फार लागली.

मी पुन्हा गेले, पुन्हा आले. दुसऱ्यांदा माझ्यात मीठ होतं आणि वर एक लिंबू, वाळकं, पण लिंबू. तिसऱ्यांदा स्वयंपाकापुरतं चिमूटभर मीठ सोडलं तर घालायला काहीच उरलं नाही. तेव्हा शिवणवाली मला पदराखाली धरून तिसऱ्या मजल्यावर गेली आणि टायपिस्टबाईला म्हणाली, "वाटीभर साखर देता का? बुधवारी देते." ती साखर जशीच्या तशी माझ्यात पडली. चौथ्या वेळी पुन्हा तेच. म्हणजे सात नंबरची मदत खाल्ली की ती तिसऱ्या मजल्याची मिंधी व्हायची. आणि आत्या प्रत्येक वेळी झाकण उघडून म्हणायची, "माणसं नीट आहेत."

मी ओरडले असते. पातेलीला ओरडता येत नाही. फार तर हातातून निसटून पडता येतं, तेही मी एकदा करून बघितलं. आत्या म्हणाली, "हिचा तळच वाकडा."

पाचव्या वेळी आत्याच्या गुडघ्यांनी संप केला होता, म्हणून मला भाची घेऊन गेली. आठ नंबरचं दार चार बोटं उघडलं. शिवणवाली फटीतूनच म्हणाली, "अगं, कशाला त्रास घेतला? आमचं झालं जेवण."

तिच्यामागून धाकटीचा आवाज आला, "आई, कधी झालं?"

शिवणवालीनं मागे हात नेऊन तिला गप्प करायचा प्रयत्न केला. धाकटी काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "आई, सांग ना, कधी झालं? मी झोपले होते का?"

भाची हलली नाही. रस्सा गरम होता, माझे कान तापले होते, तिची बोटं भाजत असणार. तरी ती उभी. "मावशी, हे घ्या."

"नको गं."

"का नको?"

"घेईन गं मी," शिवणवाली हळूच म्हणाली. "घ्यायला काय, हात आहेत. पण परत काय देऊ? सिस्टर झाकण उघडून बघतात. आता वर साखर मागायला जायचं तोंड नाही राहिलं मला."

"कुठे वर?"

मग तिनं सांगितलं. साखर, मीठ, टायपिस्टबाई, बुधवार, सगळं. सांगताना रडली नाही. चुकून कुणाच्या घरात काही सांडावं आणि ते पुसत बोलावं, तशी बोलत होती.

भाचीनं मला तिच्या हातात दिलं. "रिकामी घ्यायला मी स्वतः येईन," ती म्हणाली. "रिकामी. धुवायचीसुद्धा नाही."

"धुते गं," शिवणवाली म्हणाली. "तेवढं तरी करू दे."

घरी गेल्यावर भाचीनं आत्यासमोर बसून सगळं सांगितलं; माझं झाकण त्या दिवशी घरीच राहिलं होतं, आज भेटल्यावर त्यानंच मला हे कळवलं. म्हणजे सांगायला बसली, पण पहिल्याच वाक्याला उभी राहिली, आणि उसन्या साखरेची गोष्ट सांगायची राहूनच गेली.

"तुझ्या नियमापायी ती बाई उपाशी राहतेय, आत्या. शेजारी अन्न आहे आणि ती दार लावून घेतेय."

"आवाज खाली. माझ्या नियमापायी काही नाही. मी कधी मागितलं तिच्याकडे काही?"

"मागितलं नाहीस. झाकण उघडून बघितलंस."

आत्यानं भाजी निवडायचं थांबवलं. "तुला काय माहीत गं? आम्ही लहान होतो तेव्हा कुणी भांडं भरून दिलं, तर माझी आई त्यात झाडाचा पाला घालून परत द्यायची. पाला! पण रिकामं नाही. म्हणून आम्हाला कुणी भिकारी म्हटलं नाही. ताठ मानेनं जगलो."

"म्हणजे तुमच्या घरातही काही नव्हतं," भाची म्हणाली, "आणि पाल्यामुळे ते कुणाला कळलं नाही. मग किती दिवस उपाशी होतात तुम्ही?"

आत्या पुन्हा भाजी निवडायला लागली. बराच वेळ एकच काडी हातात होती.

"तुझ्या वयाला सगळं सोपं वाटतं," ती शेवटी म्हणाली.

"आणि तुमच्या वयाला सगळं ठरलेलं."

त्या आठवड्यात मी आठ नंबरात राहिले. इतके दिवस मी परक्या घरात कधी राहिले नव्हते. मला तिथे काही काम नव्हतं. माझ्यात पाणी भरून ठेवायचे आणि मुली त्यातून फुलपात्रानं प्यायच्या. भुकेबद्दल मी ऐकून होते, भांड्याला ते ऐकावंच लागतं. पण भुकेला तसा आवाजच नसतो. ज्या घरात भूक असते तिथे माणसं हळू चालतात आणि लवकर झोपायला जातात, एवढंच मला कळलं.

तुम्ही वाचताय, तर तुमच्याही फळीवर माझी एखादी बहीण असेल. तिला समोरच्या दारात धाडा. आणि ती परत आली की झाकण न उघडता धुवायला टाका. मला तुमच्याकडे मागायचं आहे ते एवढंच. उपदेश करायला मी काही नाना नाही.

आज रविवार आहे. मी इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत, टेबलावर आहे. या खोलीत एक कोठी आहे. प्रत्येक घर महिन्याला तिच्यात आपापल्या कुवतीनं तांदूळ, डाळ टाकतं. कुणावर वेळ आली तर त्यातून द्यायचं, असं ठरलेलं. वेळ कुणावर आली आहे ते मोठी माणसं रविवारी सकाळी बसून ठरवतात. चावी नानांकडे. नाना बोलताना जुडगा हातात खेळवतात, म्हणजे त्यांचं बोलणं संपलं नाही हे इतरांना कळतं.

भाचीला कुणी बोलावलेलं नव्हतं. ती सकाळीच घरून माझं झाकण घेऊन आठ नंबरात गेली, मला उचललं आणि इथे येऊन उभी राहिली.

"आठ नंबरला कोठीतून द्यायला हवं," ती म्हणाली.

"आले होते का ते मागायला?" दुकानदारकाकांनी विचारलं. "माझ्याकडे तरी उधारीला कुणी आलं नाही."

"मागायला येणार नाहीत ते, काका."

"मग आपल्याला कसं कळायचं? आपण काय मनकवडे आहोत?"

"हे बघ बाळ," नाना जुडगा खुळखुळवत म्हणाले, "तू कॉलेजात बोल. इथे मोठी माणसं बोलतायत."

"बोलताय कुठे, नाना? बसलाय."

टायपिस्टबाई खोकली. ते हसू होतं, पण तिनं त्याचा खोकला केला.

आत्या खुर्चीत सरळ झाली. "मी सांगते. मी चारदा रस्सा दिला त्यांना. चारही वेळा भांडं भरून आलं. साखर आली, मीठ आलं, लिंबू आलं. ज्यांच्या घरून साखर येते त्यांना दरिद्री म्हणायचं, हा त्यांचाच अपमान आहे."

"झालं तर मग," नाना म्हणाले. "सिस्टर खोटं बोलायच्या नाहीत."

"आत्या खोटं बोलतच नाहीये," भाची म्हणाली. "ती साखर कुणाची होती ते तिला माहीत नाही, एवढंच. टायपिस्टकाकू, तुम्ही सांगता की मी सांगू?"

टायपिस्टबाईनं सगळ्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "दोनदा आली होती माझ्याकडे, वाटीभर मागायला. हीच पातेली हातात होती. मला वाटलं, पाहुणे आले असतील."

आत्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला दिसलं, कारण मी तिच्यासमोरच आहे. चाळीस वर्षं ओळखते मी तिला. ती एकदम थकल्यासारखी दिसली.

"तिनं मला सांगायचं," ती म्हणाली.

"काय सांगायचं? की सिस्टर, तुमच्याकडचं जेवण मला परवडत नाही?"

भाचीनं माझं झाकण काढून बाजूला ठेवलं. सगळ्यांनी वाकून बघितलं. मी स्वच्छ घासलेली, कोरडी, रिकामी. दुकानदारकाकांनी तर बोट फिरवून बघितलं.

थोडा वेळ कुजबुज झाली. आपसात मोठी माणसं भराभर बोलतात. मग नानांनी घसा साफ केला.

"ठीक आहे. चूक झाली असेल आमची. द्यायचं आपण. तांदूळ देऊ, डाळ देऊ. पण रीत अशी पायदळी तुडवून नाही. सिस्टर, तुम्ही सांगा तिला."

आत्या भाचीकडे बघून बोलली. या वेळी आवाज मऊ होता. "ऐक माझं. पातेली घेऊन परत वर जा. चिमूटभर मीठ घालून आण. साखर नको, लिंबू नको, मीठ. तेवढं असेल की नाही त्यांच्याकडे?"

"आहे. मी बघितलंय."

"मग झालं. त्यांचाही मान राहील, आपलीही रीत राहील. तू खाली आलीस की नाना लगेच कोठी उघडतील. पाच मिनिटांचं काम. हट्ट करू नको."

"उघडतो," नाना म्हणाले, आणि जुडग्यातून कोठीची चावी वेगळी काढून हातात धरली.

दोन जिने. चिमूटभर मीठ. मी खरं सांगते, मलाही वाटलं की जावं. त्या घरातल्या दोन मुली मला दिसत होत्या. भाचीलाही दिसत असाव्यात, कारण तिनं माझे दोन्ही कान धरले आणि मला उचललं. मी टेबलावरून चार बोटं वर आले. सगळ्यांनी श्वास सोडला.

तिनं मला पुन्हा खाली ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. "त्या देतील मीठ. आनंदानं देतील. आणि पुढच्या वेळी मीठही नसलं की दार लावून घेतील, आणि आत मुली विचारत बसतील, जेवण कधी झालं म्हणून. मी नाही आणणार मीठ. तुम्हाला द्यायचं असेल तर आत्ता ही भरा. मी वर नेईन, आणि रिकामी परत आणीन. उद्या पुन्हा भरा, पुन्हा रिकामी आणीन. झाकण न लावता आणीन, जिन्यातून, चारही मजल्यांना दिसेल अशी. रंगारी उभा राहीपर्यंत रोज. तुम्हाला रिकामं भांडं बघवत नसेल, तर त्या वेळेपुरती दारं लावून घ्या."

नानांच्या हातातला जुडगा थांबला आहे. दुकानदारकाका खिडकीबाहेर बघत होते, ते आता टेबलाकडे बघतायत. आत्यानं माझं झाकण उचलून आपल्या मांडीवर घेतलंय. सगळे माझ्यात बघतायत. माझ्यात अजून काही नाही.